कचेरींतील टेलिफोन : तारेपासून इंटरनेटपर्यंत

यंत्र सुरळीत चाललें असतां त्याचा इतिहास कोणास आठवत नाहीं. तें बिघडलें म्हणजे मात्र तो आपोआप पुढें येऊन उभा राहतो. आजच्या कचेरींतील इंटरनेटवर चालणाऱ्या टेलिफोनाच्या बाबतींत हें विधान विशेषच खरें आहे. ‘तुमचें बोलणें मला ऐकूं येतें, माझें तुम्हांस येतें काय?’ हा प्रश्न ज्या कचेरींत कधींच विचारला जात नाहीं अशी कचेरी विरळा. घंटी वाजते, पण उचलल्यावर शांतता. बोलणें सुरू होतें, पण अर्ध्या मिनिटांत तुटतें. शब्दांचे तुकडे पडतात. आणि वीज गेली कीं सारेंच मुकें होतें. अशा वेळीं कोणी यंत्र विकणाऱ्यास दोष देतो, कोणी तें जोडणाऱ्यास, तर कोणी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस. या दोषारोपांत कांहीं तथ्य असतेंच. परंतु आमचें म्हणणें असें आहे कीं, यांतील बहुतेक बिघाड पूर्वीं केव्हां तरी अगदीं विचारपूर्वक केलेल्या निवडींचे दूरवर पोंचलेले परिणाम आहेत. त्या निवडी कोणत्या हें समजल्यावांचून दुरुस्तीस हात घालणें म्हणजे काळोखांत सुई शोधणें होय. म्हणून हा इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें योजिलें आहे.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांस टेलिफोनाचें पेटंट मार्च १८७६ मध्यें मिळालें. पुढें दोनच वर्षांनीं, जानेवारी १८७८ मध्यें, अमेरिकेंतील न्यू हेवन येथें एकवीस वर्गणीदारांचें व्यापारी एक्स्चेंज उघडलें; आणि २८ जानेवारी १८८२ रोजीं कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन शहरांचीं एक्स्चेंजें सुरू झालीं. त्या काळच्या टेलिफोनास स्वतःची अशी बुद्धि नव्हती. सारी बुद्धि मध्यभागीं, एक्स्चेंजच्या फळीपुढें बसलेल्या माणसाच्या ठिकाणीं होती. हें काम आरंभीं तरुण पोरांकडे असे. त्यांच्या उर्मटपणाच्या तक्रारी वाढल्या, तेव्हां बोस्टन येथें १ सप्टेंबर १८७८ रोजीं एमा नट या बाईंस नेमण्यांत आलें, व तेव्हांपासून हा व्यवसाय बहुतांशीं स्त्रियांचा झाला. मोठ्या बँका, पेढ्या, गिरण्या यांनींही पुढें आपापल्या घरची छोटी फळी ठेविली. या फळीवरील बाईस पुसलें म्हणजे कोणाची तार तुटली आहे, कोणते साहेब जागेवर नाहींत, डॉक्टरांस या घटकेला कोठें गांठावें, हें सारें एका ठिकाणीं कळे. बिघाड ओळखणें हा तिच्या कामाचाच भाग होता; कारण प्रत्येक बोलणें तिच्या हातांतून जात असे.

हा मनुष्यरूपी दुवा काढून टाकण्याची पहिली यशस्वी खटपट कॅन्सस सिटी येथील आल्मन स्ट्राउजर या गृहस्थानें केली. त्याचा धंदा मृतांच्या अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या नात्यांतील बाई एक्स्चेंजवर बसून आपलीं गिऱ्हाइकें तिकडे वळविते, असा त्यास संशय आला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, १८९१ सालीं त्यास स्वयंचलित एक्स्चेंजचें पेटंट मिळालें व पुढील वर्षीं इंडियाना प्रांतांतील ला पोर्त या गांवीं तें चालूं झालें. आकडा फिरविणाराच आतां स्वतःची जोडणी करूं लागला. बाईंच्या मनमानीपासून लोक सुटले खरे. पण त्याबरोबरच सर्व कांहीं जाणणारें एक माणूसही यंत्राच्या मध्यभागांतून उठून गेलें. आमच्या मतें कचेरीच्या टेलिफोनाच्या इतिहासांतील हें पहिलें मोठें स्थित्यंतर होय, आणि पुढचीं सारीं स्थित्यंतरें त्याच दिशेनें गेलेलीं आहेत.

याच काळांतल्या आणखी दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे विजेची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्राहकाच्या घरची बॅटरी जाऊन एक्स्चेंजमधील सामायिक बॅटरीचा प्रवाह बोलण्याच्या तारेंतूनच घरोघर पोंचूं लागला. त्यामुळें गांवांत काळोख झाला तरी साधा टेलिफोन बोलत राही. दुसरी गोष्ट गणिताची. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत काम करणारे आग्नर एरलांग यांनीं १९०९ व १९१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत, किती बोलण्यांस किती तारा पुरतील, याचा हिशेब घालून दिला. समजा, एका कचेरींत गर्दीच्या तासांत तीन-तीन मिनिटांचीं साठ बोलणीं येतात. एकूण एकशें ऐशीं मिनिटें झालीं. तेव्हां तीन तारा पुरतील असें सामान्य बुद्धीस वाटतें. परंतु बोलणीं रांगेनें येत नाहींत. तीं वाटेल तेव्हां येतात. एरलांगच्या सूत्रानें पाहिलें तर तीन तारांवर सुमारें एक-तृतीयांश लोक परत जातील. शेंकडा एकाहून कमी लोक परत जावे असें वाटत असेल, तर आठ तारा हव्यात. आज तारांच्या जागीं इंटरनेटवरील ‘चॅनेल’ आले, पण हा हिशेब तसाच राहिला. ‘फोन नेहमीं गुंतलेला लागतो’ ही तक्रार येतांच यंत्र उघडण्याआधीं पाटी-पेन्सिल घ्यावी, हें बरें.

दुसरें स्थित्यंतर खुद्द आवाजाचें आहे. अलेक रीव्ज या इंग्रज एंजिनियरानें १९३७ सालीं, पॅरिस येथें काम करीत असतां, आवाजाच्या लाटेचें ठराविक अंतरानें माप घेऊन तें आंकड्यांनीं पाठविण्याची युक्ति काढली. त्या वेळच्या साधनांनीं ती परवडणारी नव्हती. १९६२ सालीं अमेरिकेंत ती व्यवहारांत आली, व १९७२ सालीं तिला आंतरराष्ट्रीय प्रमाणाचें रूप मिळून ‘जी.७११’ हें नांव पडलें. सेकंदास आठ हजार मापें, प्रत्येक माप आठ द्विअंकांचें, म्हणजे सेकंदास चौसष्ट हजार द्विअंक. हें एका बोलण्याचें माप ठरून गेलें. यांतही अमेरिकेनें एक पद्धति उचलली आणि युरोपानें दुसरी. हिंदुस्थान युरोपाच्या बाजूस राहिला. आज कचेरीचें यंत्र मांडतांना ‘म्यू-लॉ’ कीं ‘ए-लॉ’ हा जो प्रश्न पडद्यावर येतो, तो त्या जुन्या फुटीचा अवशेष होय.

आतां आंकडे झाले म्हणजे ते कोणत्याही वाटेनें पाठवितां येतात. अमेरिकेंत पॉल बॅरन व इंग्लंडांत डोनाल्ड डेव्हिस यांनीं १९६० नंतरच्या दशकांत, एकमेकांस न विचारतां, एकच कल्पना मांडली : दोघांमध्यें आखी तार अडवून न ठेवितां मजकुराचीं लहान लहान पाकिटें करावीं व प्रत्येकानें आपापली वाट धरावी. १९६९ सालीं आर्पानेट नांवाचें जाळें या तत्त्वावर उभें राहिलें. आणि १९७४ सालीं डॅनी कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अमेरिकेच्या पश्चिम व पूर्व किनाऱ्यांवरील प्रयोगशाळांमध्यें याच जाळ्यावरून माणसाचें बोलणें पाठवून दाखविलें.

या प्रयोगांतून एक फार महत्त्वाचा बोध झाला. पत्राचें पाकीट हरवलें तर तें पुन्हां मागवावें. एक दिवस उशीर झाला तरी मजकूर पुरा मिळाला पाहिजे. बोलण्याचें तसें नाहीं. कीर्तनकाराचा एखादा शब्द कानीं पडला नाहीं तर श्रोता तो संदर्भानें भरून घेतो. पण तोच शब्द पुढच्या ओवीच्या मध्येंच येऊन कोसळला तर सगळाच रसभंग होतो. बोलण्यास पूर्णतेपेक्षां वेळ अधिक प्रिय आहे. याच कारणानें १९७८ च्या सुमारास इंटरनेटच्या मूळ नियमांचे दोन भाग पाडण्यांत आले, व १९८० सालीं हरवलेलें पाकीट परत न मागविणारी ‘यूडीपी’ ही साधी रीति नमूद झाली. आजचें कचेरींतील बोलणें तिच्यावरच चालतें.

पहिल्या तक्रारीचें, म्हणजे तुटक आवाजाचें, मूळ येथें आहे. सामान्यतः वीस सहस्रांश सेकंदांचा आवाज एका पाकिटांत भरतात. म्हणजे सेकंदास पन्नास पाकिटें. प्रत्येकावर पत्त्यांचें वेष्टन चढतें, व चौसष्ट हजारांचा प्रवाह ऐशीं हजारांवर जातो. इतका भार आजच्या कोणत्याही जोडणीस जड नाहीं. जड होतो तो अनियमितपणा. कचेरींतील कोणीं मोठी फाइल वर पाठवावयास घेतली, कीं आवाजाचीं पाकिटें तिच्या मागें रांगेंत उभीं राहतात; कांहीं लवकर येतात, कांहीं रेंगाळतात. टेलिफोन थोडीं पाकिटें सांठवून तीं समान अंतरानें वाजवितो. पण हा सांठा फार वाढविला तर बोलणाऱ्यांमध्यें अंतर पडून दोघेही एकदम बोलूं लागतात. एका बाजूनें दीडशें सहस्रांश सेकंदांपर्यंतचा विलंब बहुतेक बोलण्यांस चालतो, असें आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचें मत आहे. तेव्हां उपाय जास्त वेगाची जोडणी विकत घेण्यांत नेहमींच असतो असें नाहीं. तो पुष्कळदां राउटरवर, बाहेर जाणाऱ्या दिशेस, आवाजाच्या पाकिटांना पुढें वाट देण्यांत असतो. मात्र ही सत्ता कचेरीच्या उंबरठ्यापर्यंतच. बाहेरच्या सार्वजनिक इंटरनेटवर कोणी वाट राखून ठेवीत नाहीं. तसें न ठेवणें हेंच त्याच्या स्वस्ताईचें रहस्य आहे.

एकतर्फी शांततेची कथा याहून मनोरंजक आहे. १९९५ च्या आरंभीं व्होकलटेक या इस्रायली कंपनीनें सामान्य संगणकावरून बोलण्याचा कार्यक्रम बाजारांत आणिला. १९९६ सालीं आवाज वाहून नेण्याची ‘आरटीपी’ ही रीति प्रसिद्ध झाली; १९९९ च्या मार्चमध्यें बोलणें जुळविण्याची व मोडण्याची ‘सिप’ ही भाषा आली व जून २००२ मध्यें ती सुधारून लिहिली गेली. त्याच १९९९ सालीं अमेरिकेंतील मार्क स्पेन्सर या तरुणानें, आपल्या लहानशा कंपनीस तयार एक्स्चेंज विकत घेणें परवडेना म्हणून, साध्या संगणकावर चालणारें ‘अॅस्टरिस्क’ नांवाचें एक्स्चेंज स्वतः लिहिलें व तें सर्वांस मोकळें केलें. जगांतील असंख्य लहान कचेऱ्यांच्या हातीं स्वतःची फळी आली ती यामुळें. परंतु सिपच्या रचनेंत एक गोष्ट मुळांतच होती : निरोप एका वाटेनें जातो, आणि आवाज दुसऱ्या. निरोपांत फक्त एवढेंच लिहिलेलें असतें कीं, ‘माझा आवाज अमुक पत्त्यावर पाठवा.’

इकडे पत्त्यांची निराळीच अडचण उभी राहिली होती. इंटरनेटच्या चालू पत्त्यांची एकूण संख्या सुमारें ४२९ कोटी. ती पुरणार नाहीं हें ओळखून १९९४ सालीं अनेक यंत्रांस एकाच बाह्य पत्त्याआड बसविण्याची ‘नॅट’ ही युक्ति मांडली गेली. मांडणाऱ्यांनीं स्वतःच तिला अल्पकाळचा उपाय म्हटलें होतें. पण तात्पुरती म्हणून बांधलेली पडवी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तसेंच तिचें झालें. पुण्यांतील जुना वाडा डोळ्यांपुढें आणा. आंत वीस बिऱ्हाडें, पण रस्त्याला दार एकच. आंतून गेलेल्या पत्रावर कोणी उत्तराचा पत्ता ‘मागच्या सोप्यांतील दुसरी खोली’ असा घातला, तर बाहेरचा मनुष्य उत्तर कोठें पाठविणार? इंटरनेटच्या टेलिफोनाचें नेमकें हेंच होतें. निरोप पोंचतो, घंटी वाजते, आपला आवाजही तिकडे जातो. पण तिकडचा आवाज आपल्या खोलीचा पत्ता शोधीत वाटेंतच नाहींसा होतो. उपाय उघड आहे : एक्स्चेंजला वाड्याचा बाहेरील पत्ता सांगावा, आंतील घरें कोणतीं तें सांगावें, आणि आवाजासाठीं ठराविक दारें उघडीं ठेवावीं. कित्येक राउटरांत एक आगाऊ दारवानही बसविलेला असतो. ‘सिप एएलजी’ हें त्याचें नांव. तो जाणारीं पत्रें फोडून त्यांतील पत्ते आपल्या अकलेनें बदलतो, व पुष्कळदां बिघडवून ठेवितो. त्यास रजा देतांच कित्येक कचेऱ्यांचा रोग बरा होतो.

अर्ध्या मिनिटांत तुटणाऱ्या बोलण्याचेंही असेंच. टेलिफोन उचलल्याचा निरोप गेल्यावर समोरून ‘पोंचला’ अशी पावती यावी लागते. ती न आल्यास यंत्र बत्तीस सेकंद वाट पाहून बोलणें मोडतें. हा आंकडा सिपच्या नियमांतच आहे. म्हणून बोलणें प्रत्येक वेळीं बत्तिसाव्या सेकंदाच्या सुमारास तुटत असेल तर आवाजाकडे न पाहतां पावतीची हरवलेली वाट शोधावी. ‘एक दाबा, दोन दाबा’ म्हणणाऱ्या यंत्रास आपलें दाबणें कळत नसेल तर १९६३ पासूनच्या बटणांच्या स्वरांकडे वळावें. ते स्वर दाबून लहान केलेल्या आवाजांत विकृत होतात. म्हणून २००० सालीं ते स्वतंत्र खुणांनीं पाठविण्याची रीति ठरली, आणि ती दोन्ही टोकांस सारखीच नेमलेली असली पाहिजे. शोधाचा क्रमही इतिहासाच्या क्रमानेंच असावा असें आम्हांस वाटतें : आधीं वीज, मग तार, मग पत्ता, मग एक्स्चेंजवरील नोंदणी, मग निरोप, आणि सर्वांच्या शेवटीं आवाज. आंतल्या आंत दोन टेलिफोन बोलतात कीं नाहीं तें आधीं पाहावें. ते बोलत असतील तर दोष उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे आहे. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि बदललेली लिहून ठेवावी.

आमच्या देशांत या यंत्रावर कायद्याचाही हात होता. १ एप्रिल २००२ पासून येथें इंटरनेटवरून बोलण्यास मोकळीक मिळाली. पण देशांतल्या देशांत संगणकावरून साध्या टेलिफोनास जोडून घेण्याची मुभा तिच्यांत नव्हती. मुंबई-पुण्याकडील परदेशी गिऱ्हाइकांचीं उत्तरें देणाऱ्या कचेऱ्यांना इंटरनेटचें जाळें व सार्वजनिक टेलिफोन यांच्यामध्यें भिंत राखावी लागे. ते नियम नोव्हेंबर २०२० मध्यें पुष्कळ सैल झाले. जुन्या कचेऱ्यांत विनाकारण दोन-दोन एक्स्चेंजें शेजारीं शेजारीं दिसलीं तर तो जोडणाऱ्याचा उधळेपणा समजूं नये. तो त्या भिंतीचा पाया आहे.

येथवर जें सांगितलें तें गैरसोयीचें झालें. पण या इतिहासाच्या दोन फांद्या जिवाशीं येऊन भिडतात. पहिली विजेची. एक्स्चेंजच्या बॅटरीवर बोलणारा टेलिफोन गेला; नवा टेलिफोन आपल्याच भिंतींतील विजेवर जगतो. स्विच, राउटर व एक्स्चेंज या तिघांस बॅटरीचा आधार नसेल, तर आग लागून वीज गेली त्याच क्षणीं कचेरी मुकी होते. इंग्लंडांत जुन्या तारा काढतांना एकट्या राहणाऱ्या वृद्धांचीं संकटसूचक यंत्रें बंद पडल्याचे गंभीर प्रकार घडले, व डिसेंबर २०२३ मध्यें ग्राहकांस बळेंच नव्या पद्धतीवर नेण्याचें काम कंपन्यांस थांबवावें लागलें.

दुसरी फांदी एका आंकड्याची आहे. कचेरीच्या फळीवरून बाहेरची तार मागण्यासाठीं आधीं शून्य किंवा नऊ फिरविण्याची चाल जुनी आहे. ती आजही कित्येक ठिकाणीं आहे. डिसेंबर २०१३ मध्यें अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत एका हॉटेलच्या खोलींत एका स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला, तेव्हां तिच्या नऊ वर्षांच्या मुलीनें चार वेळां ९११ हा संकटाचा आंकडा फिरविला. चारही वेळां तो लागला नाहीं. कारण आधीं एक नऊ फिरवावा लागतो, हें तिला कोणीं सांगितलें नव्हतें. आई वांचली नाहीं. मुलीनें शिकविल्याप्रमाणें अचूक केलें होतें. यंत्रही ठरविल्याप्रमाणेंच चाललें होतें. चूक होती ती मांडणींतील एका ओळींत. यावरून २०१८ सालीं तेथें कायदा होऊन, नव्या अनेकतारी टेलिफोन-यंत्रणांनीं कोणताही आंकडा आधीं न लावितां ९११ जोडलाच पाहिजे, असें ठरलें. तो फेब्रुवारी २०२० पासून अमलांत आला. जुन्या फळीवर बाई असती तर ‘हॉटेल, खोली अमुक, मूल घाबरलें आहे’ एवढें तिच्या कानीं पडतें, आणि पुढची तार तिनें आपण होऊन जोडली असती.

ही तुलना आम्ही गत काळाचे गोडवे गाण्यासाठीं करीत नाहीं. फळीवरील बाई थकत असे, चुकत असे, व पुष्कळदां तुटपुंज्या पगारावर राबत असे. दर मिनिटास मोठी रक्कम मोजल्याखेरीज परगांवच्या मुलाशीं बोलतां येत नसे. नव्या यंत्रानें हें सारें पालटलें, हा त्याचा मोठा गुण आहे. आमचा मुद्दा इतकाच कीं, जें ज्ञान एका माणसाच्या ठिकाणीं एकवटलें होतें, तें आतां टेलिफोन, स्विच, राउटर, एक्स्चेंज व बाहेरची कंपनी अशा पांच ठिकाणीं वांटलें गेलें आहे, आणि प्रत्येक जण आपल्यापुरतें ठीक असल्याचें सांगतो. तें पुन्हां एकत्र करणें हें काम यंत्राचें नव्हे. तें कचेरीचें आहे. त्यासाठीं महागडी सामुग्री लागत नाहीं. एक वही पुरे : बाहेरचा पत्ता कोणता, आवाजाचीं दारें कोणतीं, संकेतशब्द कोणाजवळ, बॅटरी किती मिनिटें टिकते व ती शेवटीं केव्हां पाहिली, कोणता टेलिफोन कोणत्या मजल्यावर आहे. आणि वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न असावा, ज्याचें उत्तर जोडणाऱ्याकडून प्रत्यक्ष दाखवून घेतल्याशिवाय त्याचें बिल चुकतें करूं नये : या मेजावरून, आधीं शून्य न लावितां, ११२ लागतो काय?